खाडीचें पाणी आणि आगबोटीचा पंखा

समुद्रावरील पराक्रमाचा इतिहास लिहितांना आपले लेखक तोफांची संख्या देतात, डोलकाठ्या मोजतात, सरदारांचीं नांवें सांगतात. पण अमुक तारूं तरंगण्यास किती हात पाणी लागत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कोंकणच्या उत्तर किनाऱ्याविषयीं, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याविषयीं बोलावयाचें, तर आमच्या मतें हाच पहिला प्रश्न आहे. (या जिल्ह्याचें कुलाबा हें नांव १ जानेवारी १९८१ रोजीं बदललें, जुन्या घरांतून तें अद्यापि ऐकूं येतें.) येथें लढाया कोणीं जिंकल्या, बाजारपेठा कोठें वसल्या नि कोठें ओसाड पडल्या, मुंबईस नोकरीला गेलेला मुलगा सणाच्या दिवशीं घरीं केव्हां पोंचेल, अशा लहानमोठ्या गोष्टींचा निकाल पुष्कळदां हातभर पाण्यानें लावलेला आहे.

मुंबई बंदराच्या दक्षिण अंगास करंजा आणि रेवस यांच्यामधून धरमतरची खाडी आंत शिरते. पाताळगंगा, भोगावती आणि अंबा यांचें पाणी तिला मिळतें. तिच्या दक्षिणेस रेवदंड्याजवळ कुंडलिका, जंजिऱ्याच्या पाठीशीं राजपुरीची खाडी, आणि जिल्ह्याच्या शेवटास बाणकोटाशीं समुद्रास मिळणारी सावित्री. नकाशावर या साऱ्या खाड्या निळ्या, रुंद आणि ऐसपैस दिसतात. ओहोटीच्या वेळीं कांठावर जाऊन उभें राहावें, म्हणजे नकाशाचें खोटें कळून येतें. मधोमध पाण्याची एक अरुंद धार, दोहों बाजूंस चकचकणारा करडा चिखल, त्यामागें तिवरांची झाडी आणि त्याहून मागें खाजण. उधाणाच्या दिवसांत येथें भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चारपांच मीटरांचें अंतर पडतें. भांगाच्या दिवसांत तें पुष्कळच कमी होतें. सवासहा तासांच्या सुमारास पाणी उलटतें. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. पौर्णिमेला वा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. घड्याळ नसलेल्या माणसाला पंचांगानें समुद्राची वेळ सांगणारी याहून सुटसुटीत युक्ति आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

या पाण्याचा धर्म ज्यांनीं ओळखला त्यांनीं आपलीं तारवेंही तशींच बांधलीं. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार ऑर्म यानें मराठ्यांच्या गुराबांचें आणि गलबतांचें वर्णन करून ठेविलें आहे. दीडशेंपासून तीनशें टनांपर्यंतच्या गुराबा लांबीच्या मानानें फार रुंद, नाळेकडे निमुळत्या होत गेलेल्या, आणि पाणी अगदीं थोडें लागणाऱ्या. गलबतें त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आंतलीं, आणि चाळीसपन्नास वल्ह्यांवर चालणारीं. वारा पडला म्हणजे तींच गुराबांना दोर लावून ओढीत नेत. विलायती जहाजाचें पठाण, म्हणजे तळाचा कणा, खोल असतें. खोल पठाणामुळें जहाज महासागरांत वाऱ्याला न जुमानतां सरळ चालतें, पण खाडीच्या मुखाशीं तोच कणा चिखलांत रुततो. मराठी तारूं भर समुद्रांत इंग्रजी जहाजाच्या बरोबरीचें नव्हतें, हें खरें आहे. तें कबूल करण्यांत आपल्या अभिमानास कमीपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. तें ज्या पाण्यासाठीं बांधलें होतें, त्या पाण्यांत त्याला तोड नव्हती.

याचा पुरावा सन १६७९ मध्यें खांदेरीस मिळाला. मुंबईच्या तोंडावर असलेल्या या बेटावर शिवाजीमहाराजांनीं मायनाक भंडाऱ्यास पाठवून तटबंदी सुरू केली, आणि इंग्रजांनीं बेटाभोंवतीं जहाजें उभीं करून रसद तोडण्याचा यत्न आरंभिला. परंतु थळ-नागांवच्या बाजूनें लहान होड्या रात्रीं निघत, जहाजांच्या मधून सरकत, आणि दगड, चुना, धान्य, माणसें बेटावर पोंचवून उजाडण्यापूर्वीं परत येत. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाचें आरमार चालून आलें. इंग्रजांची 'डोव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. 'रिव्हेंज' जहाज मात्र शर्थीनें लढलें आणि त्यानें मराठ्यांच्या नौका मागें रेटल्या. पुढें काय झालें? 'रिव्हेंज'नें पाठलाग केला, नौका खाडीच्या मुखाजवळील उथळ पाण्यांत शिरल्या, आणि पाठलाग तेथेंच संपला. त्या दिवसाची चकमक कोणीं जिंकली, यावर वाद घालणारे घालोत. जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांनीं जहाजें काढून घेतलीं आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं कुलाब्याच्या किल्ल्यांतून जो दरारा बसविला, त्याच्याही मुळाशीं हीच उथळ पाण्याची विद्या होती.

मात्र वल्हें आणि शीड यांची एक किंमत असते, आणि ती माणसाच्या खांद्यांना मोजावी लागते. आगबोट आली तेव्हां ही किंमत वांचेल अशी लोकांस आशा वाटली, आणि ती कांहीं अंशीं खरी ठरली. मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुएझकडे निघाली. तिला दोन्ही कुशींस मोठीं चाकें होतीं. पुढें १८३६ मध्यें इंग्लंडांत स्मिथ आणि एरिक्सन या दोघांनीं मळसूत्री पंख्याचे हक्क मिळविले. १८४५ मध्यें इंग्रजी आरमारानें पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या दोन बोटी पिछाडीस पिछाडी बांधून ओढाओढीस लाविल्या. पंख्यानें चाकांना फरफटत नेलें. समुद्राच्या दृष्टीनें हा प्रश्न त्या दिवशीं सुटला. खाडीच्या दृष्टीनें तो त्या दिवशीं सुरू झाला, असें आम्ही म्हणतों.

कारण असें आहे. चाक पाण्याच्या वरच्या थरावर थापट्या मारीत चालतें. त्याला खोली फारशी लागत नाहीं. पंखा मात्र संपूर्ण पाण्याखालीं बुडाला पाहिजे. अर्धा उघडा पडला तर तो फेस काढतो, बोट पुढें जात नाहीं. म्हणजे पंख्याचा जेवढा व्यास तेवढें पाणी पिछाडीस हवेंच, आणि त्याखालीं चिखलापासून वीतभर अंतर हवें तें वेगळें. शिवाय उथळ पाण्यांत वेगानें चालणाऱ्या बोटीखालचें पाणी ओढलें जाऊन तिची पिछाडी अधिकच खालीं बसते. जितकी घाई करावी तितका तळ जवळ येतो. यंत्र थंड ठेवण्यास बाहेरचें पाणी आंत ओढावें लागतें, आणि त्याबरोबर गाळही येतो. खेरीज या खाड्यांतून कोळ्यांचीं डोल जाळीं खुंटांना बांधलेलीं असतात. वल्ह्याच्या होडीनें तीं सहज ओलांडावीं. पंख्यांत दोर गुंतला म्हणजे जाळें तुटतें, पंखा अडतो, आणि भांडण जन्मभर पुरतें.

इतकें असूनही या किनाऱ्यावर पंख्याची आगबोट रुजली, कारण दुसरा मार्ग अधिक कष्टाचा होता. पूर्वीं मुंबईहून महाबळेश्वरास जाणारे साहेबलोक होडीनें नागोठण्यापर्यंत येत आणि तेथून पालखीनें घांट चढत. पण नागोठण्याच्या बंदरास भरतीवांचून पोंचतां येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबई आणि धरमतर यांच्यामध्यें येऊंजाऊं लागल्या. धरमतर या नांवांतच 'तर' आहे. मुंबईस भाऊ अजिंक्य यांनीं १८४१ मध्यें बांधलेला धक्का होता, आणि भाऊच्या धक्क्यावरून अलीबाग-पेणकडील चाकरमान्यांची पिढ्यान् पिढ्या ये-जा झाली. जेथें धक्का नव्हता, किंवा असून पाणी नव्हतें, तेथें बोट दूर उभी राही आणि पडावांतून माणसें उतरवून घेत. पडावही पोंचेना तेव्हां चिखलांतून पाठुंगळीस. लुगडें सांवरीत, पोर कडेवर घेऊन गुडघाभर चिखल तुडविलेल्या बायकांची गणती कोणत्याही कंपनीनें ठेविलेली नाहीं.

आगबोटीनें येथील बंदरांची एक नवी उतरंड लाविली. जेथवर पंख्यापुरतें पाणी, तेथवर भरभराट. त्यावरचीं बंदरें मचव्यांच्या आणि पडावांच्या स्वाधीन. सावित्रीच्या खाडींत दासगांवास महत्त्व आलें तें यामुळेंच. महाडची पेठ मोठी, पण तेथें लहान मचवा जाणार तोही भरतीवर; बोटीचे उतारू दासगांवीं उतरून पुढचे पांच मैल जमिनीनें जात. या मार्गावरून झालेल्या एका प्रवासाची आठवण महाराष्ट्रास सदैव राहील. २४ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारें दोनशें मंडळींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीनें निघाले. खाडीच्या मुखाशीं ती मोठी बोट सोडून लहान बोटीनें सावित्रींतून वर येत दुसऱ्या दिवशीं दुपारीं ते दासगांवीं पोंचले. तेथें हजारों सत्याग्रही त्यांची वाट पाहत होते. तेथून सर्वजण महाडकडे गेले, आणि त्याच दिवशीं मनुस्मृति जाळण्यांत आली. एका तळ्याचें पाणी सर्वांस खुलें व्हावें म्हणून निघालेल्या या लोकांची वाट खाडीच्या पाण्यानें ठरविली होती, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

आतां असा प्रश्न निघेल, कीं पंख्याला खोल पाणी लागतें, तर पंख्यासच कांहीं युक्ति करतां आली नसती काय? युक्ति झाली होती. परंतु ती झाली लढाईसाठीं. इंग्लंडांतील थॉर्निक्रॉफ्ट आणि यॅरो या कारखान्यांनीं बोटीच्या तळाशीं पिछाडीकडे कमानीसारखा पोकळ बोगदा ठेवून त्यांत पंखा बसविण्याची रीत प्रचारांत आणली. बोट उभी असतां पंख्याचा वरचा भाग बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच असतो. पंखा फिरूं लागला कीं बोगद्यांतील हवा निघून जाते, पाणी वर चढून पोकळी भरतें, आणि पंखा सर्वांगानें पाण्यांत काम करूं लागतो. कल्पना इतकी साधी आहे कीं तिचें कौतुक केल्याशिवाय राहवत नाहीं. अशा बोटी १८९८ मध्यें नाईल नदीवर किचनरच्या मोहिमेंत होत्या. पुढें पहिल्या महायुद्धांत इराकच्या तैग्रिस नदीवर तर अशा गनबोटींचे ताफेच उतरविण्यांत आले. त्यांतील लहान जातीचे भाग सुटे करून नेऊन अबादानला जोडले होते.

आणि या तैग्रिसच्या दलदलींत आमचे लोक होते. टाउनशेंडच्या सैन्यांतील मराठा पलटणींत कोंकणांतले आणि घांटावरचे जवान होते. ३१ मे १९१५ रोजीं कुर्नाच्या उत्तरेस पुराच्या पाण्यांतून जो हल्ला झाला, तो 'बेलम' नांवाच्या तेथील अरुंद होड्या वेळूच्या काठ्यांनीं रेटीत, बोरूच्या दाटींतून झाला. पाणी कोठें कंबरभर, कोठें एकदम डोक्यावरून. खाजणाच्या कांठीं वाढलेल्या शिपायास तें दृश्य अगदींच परकें वाटलें नसावें! पुढें त्यांतीलच अनेक जण कूतच्या वेढ्यांत सांपडले. रसद घेऊन निघालेली 'ज्यूलनार' बोट २४ एप्रिल १९१६ च्या रात्रीं वाटेंतच शत्रूच्या हातीं पडली, आणि २९ एप्रिल रोजीं उपाशी सैन्यानें शरणागति पत्करली.

याच रणांगणावर इंग्रजांनीं आणखी एक विलक्षण वाहन वापरलें. तळ सपाट, आणि पंखा पाण्यांत नसून पिछाडीस उंच चौकटीवर, विमानासारखा हवेंत फिरणारा. ही कल्पना अमेरिका खंडांत आधींच निघाली होती; टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांच्या मंडळीनें १९०५ मध्यें कॅनडांत असली एक नाव चालवून पाहिली होती. फ्रेंच लँबेर यांच्या बनावटीच्या अशा होड्या इराकांत पोंचल्या. पुढें अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या दलदलींत या जातीच्या नावांचा मोठा प्रसार झाला. तेथें विमानविद्येंतले प्रसिद्ध कर्टिस यांनीं १९२० मध्यें अशी एक नाव बांधली होती. या नावेस चिखल नाहीं, गवत नाहीं, जाळें नाहीं. वीतभर पाणी पुरतें. मग आमच्या खाड्यांत ती कां आली नाहीं? तिच्यांत माणसें थोडीं बसतात, इंधन फार जळतें, आवाज कान फोडणारा, तिला थांबविण्यास ब्रेक नाहीं कीं मागें घेण्याची सोय नाहीं. शिकाऱ्याला आणि पहारेकऱ्याला ती चालेल. दोनशें उतारू, त्यांच्या माशांच्या टोपल्या आणि तांदळाचीं पोतीं यांना ती चालणार नाहीं.

शिवाय रायगडच्या उतारूंची अडचण दुहेरी आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातांना शेवटीं चिखल आहे, पण मध्यें उघडा समुद्र आहे, आणि पावसाळ्यांत तो भयंकर होतो. सपाट तळाचें तारूं चिखलाला चांगलें, लाटेला वाईट. खोल तळाचें लाटेला चांगलें, चिखलाला वाईट. लाटेनें घेतलेले बळी या किनाऱ्याला विसरतां येत नाहींत. नोव्हेंबर १९२७ मध्यें 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळांत गेल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्य महिन्यावर आलें असतां, 'रामदास' बोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेंत उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अमावास्येचा सुमार होता; पुष्कळजण घरीं सणाला चालले होते. रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या मचव्यांतून कित्येकांस वांचविलें. 'रामदास' उथळ बांध्याची होती म्हणून बुडाली असें आम्ही सुचवीत नाहीं. तथापि या मार्गावर बोट कशी असावी, याचा विचार करणारास ती सकाळ डोळ्यांपुढें ठेवूनच करावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांस यंत्रें बसलीं. थळ, बोडणी, रेवदंडा, एकदरा, जीवना, भरडखोल येथल्या कोळ्यांचीं शिडें हळूहळू उतरलीं आणि पंखे आले. ज्या बंदरांत पूर्वीं होडी ओहोटीलाही ढकलून काढीत, तेथें यंत्राची जड होडी भरतीची वाट पाहत बाहेर थांबूं लागली. इकडे खाड्याही उथळ होत चालल्या. डोंगर उघडे पडले म्हणजे माती येते हें सर्वांस ठाऊक आहे. पण दुसरें कारण तितकें ठाऊक नाहीं. पेणच्या बाजूस शेंकडों वर्षें बांध घालून खाजणांची शेतें करण्यांत आलीं. तीं ज्यांनीं कसलीं त्यांच्या कष्टांस आमचा नमस्कारच आहे. मात्र भरतीचें जें पाणी पूर्वीं त्या खाजणांत पसरे आणि ओहोटीस जोरानें परतून खाडीचा तळ धुवून नेई, तें पाणीच कमी झालें. धार मंदावली, गाळ बसला. पुढें १९७३ मध्यें वाशीजवळ ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, मोटारींची रहदारी वाढली, आणि आंतल्या बंदरांकडे पाहण्याची कोणास गरज उरली नाहीं.

आज धरमतरच्या जेटीला कच्चें लोखंड आणि कोळसा घेऊन बार्जा लागतात. डोलवीच्या पोलाद कारखान्यास त्या लागतातच. त्याच पाण्यानें मुंबईस नियमानें जाणाऱ्या उतारूंची बोट मात्र राहिली नाहीं. मांडव्याला लाटा अडविणारा बांध घालून, गाळ उपसून मार्च २०२० मध्यें मोटारी वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली, आणि मोटार असणारांची सोय उत्तम झाली. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा पूल खुला झाला. तो शिवडीच्या चिखलावरूनच जातो. हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या, म्हणजे चिखलपाण्याचा भेदच न मानणाऱ्या नावांचा प्रयोगही १९९० नंतरच्या दशकांत मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्यें करून पाहण्यांत आला. खर्चापुढें तो टिकला नाहीं. तटरक्षक दलापाशीं तशा नावा आहेत. कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदींत त्यांतील कांहीं बांधल्या गेल्या. चिखलांतून पळणारा पाठलाग करणारापासून सुटावा, हा सतराव्या शतकांतला डाव त्यांनीं आतां उलटविला आहे.

उतारूंच्या वांट्यास अजून लाकडी लाँच आणि तिचा पाण्याखालचा पंखाच आहे. रेवसची आणि उरणजवळच्या मोऱ्याची बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मोठ्या ओहोटीच्या दिवसांत मोऱ्याच्या धक्क्याशीं गाळ उघडा पडतो आणि कांहीं तास फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. खिडकीवर त्या वेळा खडूनें लिहिलेल्या असतात. गाळ उपसला जातो, दोनतीन पावसाळे जातात, तो पुन्हा बसतो. आणि धक्क्यावर आलेला उतारू तिकिटाआधीं पाण्याची चौकशी करतो.